गाळलेली वीज

१

दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली की टेबलाखालचा यूपीएस ‘टक्’ करायचा, दोनदा पीप-पीप म्हणायचा आणि गप्प बसायचा. धाकटीला त्यासाठी घड्याळ बघावं लागत नसे. टक् झालं की ती कानांवरचे हेडफोन काढायची, पाठ मोकळी करायची आणि समोरच्या खोलीत थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे चहाला जायची. नऊ वर्षं हा नेम चुकला नव्हता.

तिला तिथं सगळेच धाकटी म्हणत, कारण अक्का तिला तसं म्हणायची आणि अक्का तिच्या आधीपासून तिथं होती. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं आवाजात उतरवून ठेवणारं ते ग्रंथालय. वरच्या मजल्यावर लांब पॅसेजच्या या बाजूला ध्वनिमुद्रणाची खोली, तिथं धाकटी. त्या बाजूला तपासणीची खोली, तिथं अक्का. धाकटीनं मुद्रित केलेलं प्रत्येक पान अक्का ऐकायची आणि उच्चार कुठं घसरला, ओळ कुठं सुटली, खुर्ची कुठं कुरकुरली ते सांगायची. अक्काची नजर एकोणिसाव्या वर्षी गेली. तेव्हा सात वर्षांची धाकटी तिला कॉलेजची पुस्तकं अडखळत वाचून दाखवायची. अर्थ काही कळायचा नाही, पण ‘परत वाच, श्वास चुकला’ असं अक्का म्हणाली की परत वाचायची. पुढं आई-वडील गेल्यावर अक्कानंच दोघींचं घर धरून ठेवलं.

यूपीएस यायच्या आधी फार हाल होते. मागच्या शीतगृहाचं मोठं यंत्र दुपारी चालू झालं की गल्लीतली वीज क्षणभर दबायची. दिवे मिणमिणायचे, संगणक बंद पडून पुन्हा चालू व्हायचा, आणि अशाच एका दुपारी मास्तरांचं चार तासांचं वाचन गेलं. मास्तर म्हणजे सकाळी येऊन पुस्तकं वाचणारे एक निवृत्त शिक्षक. दुसऱ्या दिवशी चकार शब्द न काढता त्यांनी सगळं पुन्हा वाचलं आणि आठवडाभर त्यांचा घसा बसला. त्यानंतर बॅटरीवाल्यांना बोलावलं.

जाड भिंगांचा चष्मा, खिशात टेस्टर आणि बोलण्यात सबुरी, असे हे बॅटरीवाले. त्यांनी भिंतीपाशी विजेतला खरखराट गाळून घेणारा एक जड डबा बसवला, त्याच्यापुढं यूपीएस आणि चार बॅटऱ्या. खोलीतला टेबललॅम्पसुद्धा त्यांनी त्याच वायरवर घेतला. दिव्याची काय गरज, असं ग्रंथपालबाईंनी विचारलं तर म्हणाले, ‘यंत्र जागं राहिलं आणि माणूस अंधारात बसलं, तर उपयोग काय?’ जाताना त्यांनी धाकटीला समजावलं, की सबंध इमारत कच्च्या विजेवर चालते, ही एकच खोली गाळलेल्या विजेवर. बाहेर काहीही होवो, या खोलीला ते कळायचं नाही.

त्यानंतर एक शब्द गेला नाही. टक् झालं की धाकटी त्या डब्यावर हात ठेवायची, राबणाऱ्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. डबा कोमट असायचा.

२

एका सोमवारी टक् झालं, धाकटी चहाला निघाली आणि पॅसेजमध्ये थबकली. भिंतीवरचं टोल्यांचं घड्याळ जागेवर नव्हतं.

त्या घड्याळानं तिला छळलं होतं. दार कितीही घट्ट लावा, सकाळचे अकरा टोले आत झिरपायचेच आणि मास्तरांना वाक्य अर्ध्यात थांबवावं लागायचं. दुरुस्तीला नेलं असेल म्हणून तिला आधी बरंच वाटलं. मग तिनं भिंत नीट पाहिली. घड्याळ काढलं की मागं फिकट गोल राहतो, निदान खिळ्याचं भोक तरी राहतं. इथं सगळीकडे सारखाच पिवळटपणा होता, जुना, मुरलेला. तिनं बोटं फिरवून पाहिली.

‘अक्का, घड्याळ कुणी नेलं गं?’ तिनं आत जाऊन विचारलं.

‘कुठलं घड्याळ?’

धाकटीला वाटलं, ही आपली फिरकी घेतेय. अक्का सगळा दिवस त्या टोल्यांवर काढायची. ‘चार झाले, आवर’ असं तीच आधी म्हणायची. पण अक्कानं मनगटावरचं बोलकं घड्याळ दाबून वेळ ऐकली आणि शांतपणे सांगितलं, की पॅसेजमध्ये घड्याळ कधीच नव्हतं. खाली ग्रंथपालबाईही तेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मास्तरही तेच म्हणाले.

धाकटीनं रीतसर डॉक्टर गाठला. त्यानं रक्तदाब पाहिला, झोपेची चौकशी केली आणि सात-सात तास हेडफोन लावल्याचं हे फळ आहे असं सांगितलं. तिला पटलं. पटवून घेणं सोयीचं होतं.

मग एका संध्याकाळी तिनं मास्तरांच्या मागच्या महिन्यातल्या वाचनाची न कापलेली प्रत लावली. वाक्य चाललं होतं. मध्येच लांबून एक टोला पडला, दुसरा पडला, आणि मास्तरांचा स्वच्छ आवाज आला, ‘थांबा, अकरा वाजतायत. घड्याळाचं होऊ द्या, मग आपलं.’

तिनं ते चारदा ऐकलं आणि दिवा चालू ठेवूनच घरी गेली.

३

घड्याळापाठोपाठ पॅसेजमधलं बाकडं गेलं. जिन्याची एक पायरी गेली. धाकटी उतरताना रोज नसलेल्या पायरीवर पाय टाकायची आणि तिला दचका बसायचा. तिच्या ध्यानात आलं, की जे जातं ते टक् झाल्यावर जातं, आणि तिच्या खोलीतलं काहीच जात नाही. साधी पेन्सिलसुद्धा नाही.

मग एका गुरुवारी बाइंडरमामा गेले.

मामा जिन्यापाशी बसून ठिपक्यांच्या लिपीतल्या जाडजूड पुस्तकांच्या पाठी शिवायचे. चहा तेच करायचे. दारात येऊन, खोकून, ‘ताई, चहा निवतोय बरं’ असं म्हणायचे. त्या दिवशी टक् झालं, नेहमीपेक्षा जरा लांबलं, आणि कुणी खोकलं नाही. धाकटी बाहेर आली तर जिन्यापाशी टेबल नाही, डिंकाचा वास नाही, शिवणाची दोरी नाही. अक्का खोलीत थर्मासमधून दोन पेल्यांत चहा ओतत होती.

‘हा चहा कुठला?’ धाकटीनं विचारलं.

‘कुठला म्हणजे? रोज घरूनच तर आणते मी.’

त्यांच्या घरात थर्मास नव्हता. संध्याकाळी घरी जाऊन पाहिलं तर मोरीपाशी त्याची ठरलेली जागा होती, आणि त्या जागेवर तळाचा गोल डागही पडला होता.

मामांच्या घरी जायचं धाडस तिनं केलं नाही. ते कुठं राहायचे ते तिला माहीत होतं, त्यांना सून आणि नातवंडं होती. त्या दारात उभं राहून आपण काय विचारायचं, हेच तिला सुचेना. या भ्याडपणाची लाज तिला पुढंही वाटत राहिली.

तिनं बॅटरीवाल्यांना मात्र बोलावलं. त्यांनी दोन दिवस मीटर लावून ठेवला आणि कागदाची पट्टी तिच्यासमोर धरली. वीज पूर्वी पापणी लवावी इतकी दबायची, आता श्वास घ्यावा इतकी दबत होती. शीतगृहात ते चौकशी करून आले होते. ते मोठं यंत्र दोन वर्षांपूर्वीच काढून टाकलेलं होतं.

‘मग तीन-वीसला काय चालू होतं?’ तिनं विचारलं.

बॅटरीवाल्यांनी चष्मा पुसला. ‘चालू होत असेल काहीतरी. आपण आपली खोली राखायची.’ मग त्यांनी चारही बॅटऱ्या आपणहून बदलून दिल्या आणि एक गोष्ट सांगून ठेवली. वीज पुरती जायची असली की ही लाइन आधी दोनदा धाप टाकते, तेवढ्यात हातातलं काम वाचवून घ्यावं.

४

त्या रात्रीच जेवताना धाकटीनं अक्काला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी धाकटीनं तिला हेडफोन लावून एका जुन्या मुद्रणाच्या शेवटी अडकलेला तो आवाज ऐकवला. दार उघडल्याचा, खोकल्याचा, ‘ताई, चहा निवतोय बरं’ असा.

अक्कानं तो पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाली, ‘हा आवाज मी ओळखत नाही. पण याचा एक दात पडलाय, हा सुपारी खातो, आणि तुला मुलीसारखं मानतो. असा माणूस तू मनानं रचणार नाहीस, तुला तेवढं सुचत नाही.’

धाकटीला हसू आलं आणि रडूही. गेले तीन महिने ती एकटीच वेडी होती, आता निदान दोघी झाल्या.

तेव्हापासून तीन वाजून दहा मिनिटांनी अक्का काठी टेकत ध्वनिमुद्रणाच्या खोलीत यायची आणि टक् होऊन गेल्यावर परत जायची. ग्रंथपालबाईंना दोघींनी सांगून टाकलं, की चहा आता इकडं पितो.

५

वीज गेली ती तीन-वीसला गेली नाही. सकाळचे पावणेबारा झाले होते. मास्तर वाचून घरी गेले होते, बाहेर लख्ख ऊन होतं, अक्का तिच्या खोलीत कुठल्याशा प्रवासवर्णनाचं तिसरं प्रकरण ऐकत होती.

यूपीएसनं टक् केलं. धाकटीनं मान वर केली. तो पूर्ववत झाला आणि लगेच पुन्हा टक् झालं. दुसरी धाप.

पुढचं तिला नीट आठवत नाही. दोन जड दारं तिनं कशी उघडली, खुर्ची कधी पडली, काही नाही. पॅसेज ओलांडायला आठ पावलं लागायची. पाय टाकताना तिला जाणवलं, की पाऊल वाजत नाहीये. नळ, पंखा, खालची टेबलं सरकवण्याचे आवाज, सगळं होतं, पण कांबळ्याखालून यावं तसं. अक्का दाराकडेच तोंड करून उभी होती.

‘धाकटे, पंख्याचा आवाज बदलला,’ ती म्हणाली.

धाकटीनं तिचं मनगट धरलं आणि ओढलं. काठी खाली पडली, ती तशीच राहिली. आठ पावलं. पहिलं दार, दुसरं दार. दुसऱ्या दाराची कडी बसली आणि बाहेरचं सगळं विझल्याचं तिला कळलं, ते डोळ्यांनी नाही तर कानांनी. कानात एकदम पाणी शिरावं तसं झालं. टेबलाखाली यूपीएस दर चार क्षणांनी पीप करू लागला. दिवा जळत होता.

६

यूपीएसच्या पडद्यावर उरलेली मिनिटं दिसायची. चौदा.

धाकटीनं आधी स्पीकर बंद केले, मग संगणकाचा दुसरा पडदा, मग ध्वनिमिश्रणाचं यंत्र. पंधरा झाली, मग पुन्हा तेरा, अकरा, नऊ. अक्का जमिनीवर, आवाज अडवणाऱ्या गादीच्या भिंतीला पाठ लावून बसली होती आणि तिनं धाकटीचा पदर मुठीत धरला होता. बाहेरून आवाज यायचं कारण नव्हतं, ती खोली त्यासाठीच बांधलेली होती. तरी अक्का कान देऊन होती.

पाचावर आल्यावर अक्का हळूच म्हणाली, ‘संगणक पण बंद कर.’

‘मास्तरांचं आजचं वाचन आहे त्यात. साठवायला वेळ लागेल.’

‘ते परत वाचतील.’

नऊ वर्षांत एक शब्द जाऊ न दिलेलं ते यंत्र धाकटीनं आपल्या हातानं बंद केलं. आता त्या चार बॅटऱ्यांवर एक छोटा दिवा उरला. पडद्यावरचा आकडा थांबला, मग पाचावरून एकवीसवर चढला. तिनं कपाळ त्या कोमट डब्याला टेकवलं. बॅटरीवाल्यांच्या लेकराबाळांना उदंड आयुष्य मिळो, असं ती मनात म्हणाली, आणि हे ती अगदी मनापासून म्हणाली.

दोन्ही दारांना हातभर उंचीची काच होती. बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण अक्कानं एकाएकी श्वास रोखला आणि धाकटीची मान वळली.

दोन्ही काचांपलीकडे पॅसेज दिसत होता. अंधार नव्हता, ढगाळ दिवशी असतो तसा उजेड होता. तपासणीच्या खोलीत कुणीतरी पाठमोरं, जरा वाकून, संध्याकाळी कचेरी बंद करणारा माणूस फिरतो तसं फिरत होतं. घाई नव्हती. त्यानं अक्काच्या खुर्चीवर हात ठेवला आणि खुर्चीच्या जागी फरशी दिसली. टेबलाला हात लावला, तिथं भिंत दिसली. मग तो दिसेनासा झाला.

तिला वाटलं, गेला. तेवढ्यात बाहेरच्या काचेवर एक तळहात टेकला. सपाट, शांत, भिंतीमागं नळ वाहतोय का ते चाचपावं तसा. माणसाचाच हात होता, फक्त त्यावर एकही रेघ नव्हती. यूपीएसनं पीप केलं. हात किंचित उचलला गेला, पुन्हा टेकला. पुन्हा पीप. हात थांबून राहिला, किती वेळ ते तिला सांगता येत नाही. मग काच नुसतीच काच होती.

आकडा सहावर आला असताना टक् झालं आणि पंखा फिरू लागला.

७

‘तू काय ऐकलंस?’ धाकटीनं विचारलं.

‘वाचत होता,’ अक्का म्हणाली. ‘यादी असावी. नावं होती. वाचन चांगलं, सपाट, कुठं श्वास चुकला नाही. एकाच नावावर अडखळला. मागं गेला, परत वाचलं, परत अडखळला. मग ते सोडून पुढं गेला.’

‘कुणाच्या नावावर?’

‘तुझ्या नाही,’ अक्का म्हणाली, आणि उठण्यासाठी हात पुढं केला.

तपासणीच्या खोलीत जुन्या खोक्यांची थप्पी होती, कित्येक वर्षं असावी तशी, वर धुळीचा थर. काठी कुठंच नव्हती. खाली ग्रंथपालबाईंनी वीज गेल्याबद्दल नेहमीची कुरकुर केली आणि अक्काकडे बघून अदबीनं विचारलं, ‘या कोण? वाचक आहेत का आपल्या?’

अक्काच्या बोटांनी धाकटीचा दंड आवळला. धाकटी म्हणाली, ‘माझी बहीण. कालच आलीये.’

घरी एकच पलंग होता. कपाटात एकीचेच कपडे. शेजारच्या वहिनींनी दारातून डोकावून, पाहुण्या आल्यात वाटतं, असं म्हणून वाटीभर साखर पुढं केली. अक्कानं सगळं घर हातांनी फिरून पाहिलं आणि शेवटी भिंतीवरच्या फोटोपाशी थांबली. आई, वडील आणि दोघी बहिणी, असा तो फोटो होता. तिनं चौकटीवर बोट फिरवलं.

‘यात मी आहे का गं?’

धाकटी म्हणाली, ‘आहेस.’

‘खोटं बोलायच्या आधी तुझा श्वास थांबतो,’ अक्का म्हणाली. ‘लहानपणापासून.’

धाकटी तिच्या गळ्यात पडून रडली. अक्कानं तिला रडू दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि मग म्हणाली की माझं काही दुखत नाहीये, मला भूक लागलीये, आणि तू भात टाकतेस की मी टाकू. जे गेलं ती तिची जागा होती. ती स्वतः स्वयंपाकघरात उभी राहून तांदूळ निवडत होती, त्यातले खडे तिच्या बोटांना बरोबर लागत होते. धाकटी दारात उभी राहून ते बघत राहिली. इतकं भरून पावल्यासारखं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

बाइंडरमामांच्या घरी ती त्या रविवारी गेली. सुनेनं दार उघडलं. सासरे तरुणपणीच वारले, आम्ही त्यांना पाहिलेलंच नाही, असं ती म्हणाली. धाकटीनं मामांचा तो एका ओळीचा आवाज तिला ऐकवला. सुनेनं तो पुन्हा लावायला सांगितला, आणि आतून नातवंडांनाही हाक मारली.

८

महिन्याभरानं धाकटीनं ग्रंथपालबाईंकडे विषय काढला. तपासणीला माणूस नाही, बहिणीचा कान चांगला आहे, एकदा पारखून बघा. बाईंनी कुरकुर करत एक प्रकरण निवडलं, ज्यातल्या चुका त्यांना स्वतःला ठाऊक होत्या, आणि ते ध्वनिमुद्रणाच्या खोलीतच लावलं. बसायला दुसरी जागा नव्हती, आणि धाकटीनं बहिणीचं टेबल आधीच तिथं, दिव्याच्या बाजूला मांडून ठेवलं होतं.

अक्कानं वीस मिनिटं ऐकलं. बाईंना माहीत होत्या त्या पाचही चुका तिनं सांगितल्या, आणि वर चार सांगितल्या. तेराव्या मिनिटाला वाचणाऱ्यानं पान उलटताना एक अख्खी ओळ गाळली आहे, कारण तिथं वाक्य जुळतं पण श्वास जुळत नाही, हेही सांगितलं. बाईंनी पुस्तक मागवून ताडून पाहिलं. ओळ खरंच गेली होती.

ग्रंथपालबाई तशा कोरड्या होत्या, पण त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी अक्काचा हात दोन्ही हातांत घेतला. अकरा वर्षं रोज जिन्यात भेटणाऱ्या, आजारपणात एकमेकींना डबा पोचवणाऱ्या त्या दोघी.

‘अहो, इतके दिवस कुठं होतात तुम्ही?’ बाईंनी विचारलं.

अक्कानं त्यांचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

‘इथंच,’ ती म्हणाली.